एक पत्रक, एक साक्ष आणि तेहतीस मिनिटांचा माहितीपट: अमेरिकेतील नागरी हक्कांचा लढा वर्गात कसा शिकवावा

अमेरिकेतील नागरी हक्कांच्या लढ्यावर पहिल्यांदा तास घेतला तेव्हा माझ्याकडून एक चूक झाली. ती आधी सांगतो, कारण पुढची सगळी पद्धत तिच्यातूनच आली आहे. शाळेचा टीव्ही लावला, खिडक्यांवर चादरी बांधल्या आणि नववीच्या मुलामुलींना सलग तासभर माहितीपट दाखवला. वर्ग शांत बसला होता, काहींचे डोळेही भरून आले होते. दुसऱ्या दिवशी पाच ओळी लिहायला सांगितल्या, तेव्हा जवळपास प्रत्येक वहीत एकच मजकूर आला: मार्टिन ल्यूथर किंग यांनी मोठे भाषण केले आणि काळ्या लोकांना हक्क मिळाले. ज्या हजारो माणसांनी वर्षभर पायपीट केली, ज्या बायांनी रात्र जागून पत्रके छापली, त्यांचा वहीत कुठेही पत्ता नव्हता. माहितीपटातील निवेदकाचा आवाज इतका ठाम होता की मुलांना स्वतः विचारण्यासारखे काही उरलेच नव्हते.

तेव्हापासून मी क्रम बदलला. आधी कागद, मग चित्रफीत. मूळ कागद मुलांच्या हातात पडतो तेव्हा त्यावर कोणी काही सांगितलेले नसते, म्हणून प्रश्न त्यांनाच पडतात. हे प्रश्न घेऊन ती माहितीपटासमोर बसली, की माहितीपटाकडेही एक साधन म्हणून पाहू लागतात. नववीला 'इतिहासाची साधने' हा पाठ येतो, त्याला जोडून सहा ते सात तासिका काढल्या तर हे काम नीट होते. त्याहून कमी वेळ असेल तर विषय आटोपता घेण्यापेक्षा एकच कागद निवडावा आणि तेवढाच पूर्ण करावा.

पहिला कागद: माँटगोमेरीचे पत्रक

सुरुवात बसपासून करावी असे माझे ठाम मत आहे. आमच्या शाळेतील निम्म्याहून अधिक मुली मानव विकास या सरकारी योजनेच्या बसने येतात. बस चुकली तर शाळा बुडते, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. त्यामुळे एका शहरातील माणसांनी ३८१ दिवस बसमध्ये पाय ठेवला नाही, या वाक्याचे वजन त्यांना लगेच कळते.

घटना थोडक्यात अशी. अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांना बसमधील जागा गोऱ्या प्रवाशासाठी न सोडल्याबद्दल अटक झाली. त्याच रात्री अलाबामा स्टेट कॉलेजमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या जो अॅन रॉबिन्सन यांनी आपल्या दोन विद्यार्थ्यांच्या मदतीने एक पत्रक छापले, आणि दुसऱ्या दिवशी ते हजारोंच्या संख्येने शहरभर वाटले गेले. सोमवारी, ५ डिसेंबरला, कोणीही बसने जाऊ नये एवढीच त्यात विनंती होती. ज्या यंत्रावर ते छापले, त्याला आपल्याकडे सायक्लोस्टाइल म्हणत. शाळेतील जुन्या शिक्षकांनी त्यावर प्रश्नपत्रिका काढल्या आहेत. एखाद्या निवृत्त गुरुजींना वर्गात बोलावून स्टेन्सिल कसे कापावे लागे, हात कसे काळे होत आणि शंभर प्रती काढायला किती वेळ लागे हे सांगायला लावले, तर त्या रात्रीचे कष्ट मुलांना डोळ्यांसमोर दिसतात.

मात्र ही सगळी माहिती आधी सांगू नये. मूळ इंग्रजी पत्रकाची झेरॉक्स कागदाच्या एका बाजूला आणि आपण केलेले मराठी भाषांतर दुसऱ्या बाजूला, अशी दहा पाने काढावीत आणि चार-चारांच्या गटांत वाटावीत. इंग्रजी बाजू गाळण्याचा मोह टाळावा. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही असे आपण समजतो, ती मुलेही 'बस' आणि 'मंडे' हे शब्द शोधून काढतात, आणि सोमवार पुन्हा पुन्हा का लिहिला आहे हा प्रश्न त्यांच्याच तोंडून येतो. पहिली दहा मिनिटे फक्त पाहण्यासाठी द्यावीत. त्यानंतर फळ्यावर चारच प्रश्न लिहावेत: हे कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, केव्हा लिहिले आणि यात काय लिहिलेले नाही.

चौथा प्रश्न सर्वांत फलदायी ठरतो. गेल्या वर्षी मागच्या बाकावरील एका मुलीने पान दोनदा उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, "सर, ज्या बाईला पकडलं तिचं नावच नाही ना जी याच्यात!" ती अगदी बरोबर होती. पत्रकात रोझा पार्क्स हे नाव कुठेही नाही. आणखी एका निग्रो स्त्रीला अटक झाली आहे, एवढेच त्यात म्हटले आहे. पुढची पाळी तुमची, तुमच्या मुलीची किंवा आईची असू शकते, असेही ते सांगते. नाव का दिले नसेल, यावर त्या दिवशी वर्गात अर्धा तास चर्चा झाली. कोणी म्हणाले घाई होती, कोणी म्हणाले नाव दिले असते तर ती एकट्या बाईची गोष्ट झाली असती. दोन्ही उत्तरे कागदाच्या आधारे मांडली होती, म्हणून दोन्ही ठेवली.

घाईचा पुरावा कागदातच आहे. याआधी मार्च १९५५ मध्ये क्लॉडेट कोल्व्हिन या पंधरा वर्षांच्या विद्यार्थिनीला याच कारणासाठी अटक झाली होती. पत्रकात तिचे आडनाव चुकून 'कोल्बर्ट' असे पडले आहे. त्या काळच्या एका प्रसिद्ध सिनेतारकेचे ते नाव. अशी चूक मुलांना शोधू द्यावी. छापलेले सगळे खरे असते ही समजूत तिथे मोडते आणि तरीही कागद खोटा ठरत नाही, हा फरक त्यांना समजतो. कोल्व्हिन त्यांच्याच वयाची होती, हेही त्यांच्या मनात राहते.

पत्रकातील आणखी एका वाक्यावर गणिताचा तास घेता येतो. बसच्या प्रवाशांपैकी तीन चतुर्थांश आपण आहोत, असा दावा त्यात आहे. चाळीस जणांच्या बसमधून तीस जण उतरले तर बसमालकाचे काय होईल, हे मुले तोंडी सांगतात. मग प्रत्येकाने आपल्या घरापासून शाळेपर्यंतचे अंतर लिहावे आणि ३८१ दिवस येऊन-जाऊन किती किलोमीटर होतात ते काढावे. ही संख्या नुसती फळ्यावर न ठेवता त्याखाली विचारावे, की शेतावरून थकून आलेली तुमची आई हे अंतर चालली असती का, आणि चालली असती तर कशासाठी. माँटगोमेरीतील लोकांनी शेकडो खासगी मोटारींची पाळीपाळीने व्यवस्थाही उभी केली होती. नुसत्या भावनेच्या जोरावर वर्ष निघत नाही, त्याला नियोजन लागते, हे इथे आवर्जून सांगावे.

याच धाग्यावर दुसरा कागद येतो. रॉबिन्सन यांनी २१ मे १९५४ रोजी, म्हणजे पार्क्स यांच्या अटकेच्या दीड वर्ष आधी, माँटगोमेरीच्या महापौरांना पत्र लिहून बसमधील वागणुकीची तक्रार केली होती आणि शहरातील संघटना बहिष्काराचा विचार करीत आहेत असे कळवले होते. शाळांमधील वंशभेद घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याच्या चारच दिवस आधी, १७ मे रोजी, लागला होता. या दोन तारखा फळ्यावर शेजारी लिहिल्या की एका दमलेल्या बाईने अचानक नकार दिला आणि चळवळ पेटली ही लोकप्रिय गोष्ट अपुरी पडते.

बसचा आराखडा

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे पार्क्स यांच्या अटकेचा पोलीस अहवाल, बोटांच्या ठशांचा कागद आणि त्या कुठे बसल्या होत्या ते दाखवणारा बसचा आराखडा आहे. तिन्ही त्यांच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. मुलांनी आपल्या वहीत एसटीचा आराखडा काढावा, शेजारी हा आराखडा ठेवावा आणि पार्क्स यांची जागा शोधावी. आपल्याकडील अनेक लेखांत त्या गोऱ्यांच्या आसनावर बसल्या होत्या असे लिहिलेले असते, ते चूक आहे. पुढची दहा आसने गोऱ्यांसाठी राखीव होती. पार्क्स त्यामागच्या रांगेत होत्या. पुढची आसने भरल्यावर एका गोऱ्या माणसाला जागा देण्यासाठी चालकाने त्या रांगेतील चौघांनाही उठायला सांगितले. चौघांनी उठायचे आणि एकानेच बसायचे, हे आराखड्यावर बोट ठेवून पाहिले की अन्यायाचे नेमके स्वरूप दिसते.

इथेच न्यायालयाचा मुद्दा घ्यावा. बसमधील भेदभाव ज्या खटल्यामुळे बंद झाला त्यात पार्क्स वादी नव्हत्या. ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडोनाल्ड, मेरी लुईझ स्मिथ आणि क्लॉडेट कोल्व्हिन या चौघी होत्या. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९५६ मध्ये त्यांच्या बाजूचा निकाल कायम केला आणि डिसेंबरमध्ये बहिष्कार संपला.

माहितीपट कसा पाहावा

आता चित्रफीत. निवड करताना दोन गोष्टी पाहाव्यात: ती कोणी बनवली हे आपल्याला पक्के माहीत असावे, आणि तुकड्यांत दाखवता यावी. सुरुवातीला मी 'द मार्च' हा तेहतीस मिनिटांचा माहितीपट घेतो. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये सुमारे अडीच लाख लोकांचा जो मोर्चा झाला त्यावर जेम्स ब्लू यांनी तो अमेरिकी सरकारच्या परराष्ट्र प्रचारखात्यासाठी बनवला. या खात्याचे साहित्य खुद्द अमेरिकेत दाखवण्यास त्या वेळी कायद्याने मनाई होती. म्हणजे तो बनला होता परदेशी प्रेक्षकांसाठी, आपल्यासारख्यांसाठी. ही एक गोष्ट मुलांना चित्रफीत संपल्यानंतर सांगावी, आधी नाही. मग तीच चित्रफीत पुन्हा लावावी. मोर्च्याच्या तयारीची, जेवणाचे डबे भरण्याची, गाण्यांची दृश्ये कितीतरी वेळ चालतात. पण ज्या अन्यायाविरुद्ध ही माणसे आली होती, तो पडद्यावर किती दिसतो? शीतयुद्धाच्या काळात कोणत्याही सरकारला जगासमोर आपले कोणते चित्र हवे असेल? दुसऱ्यांदा पाहताना मुले वेगळ्याच गोष्टी टिपतात. त्याच वर्षीच्या मे महिन्यात बर्मिंगहॅम शहरात मोर्च्यातील शाळकरी मुलांवर पाण्याचे जोरदार फवारे मारले गेले आणि पोलिसांची कुत्री सोडली गेली, हे त्यांना इथे सांगावे. मात्र म्हणून माहितीपट खोटा आहे असा निष्कर्ष काढू देऊ नये. त्यातील चेहरे खरे आहेत. निवड कोणाची, हा प्रश्न आहे.

दुसरा आधार 'आइज ऑन द प्राइझ' या मालिकेचा. हेन्री हॅम्प्टन यांनी तयार केलेले तिचे पहिले सहा भाग १९८७ मध्ये अमेरिकेत दाखवले गेले. पहिल्याच भागात माँटगोमेरी येते. चळवळीत प्रत्यक्ष असलेली साधी माणसे तिथे बोलतात, हे तिचे मोठे बळ. या मालिकेसाठी घेतलेल्या पूर्ण मुलाखतींचे लिखित रूप सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संग्रहात वाचता येते. शिक्षकाने एक मुलाखत आधी वाचून ठेवावी आणि त्यातील किती भाग पडद्यावर आला, किती गाळला, हे अकरावी-बारावीच्या मुलांना तपासायला द्यावे. संपादन म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगला धडा माझ्या पाहण्यात नाही.

दाखवण्याची रीत साधी आहे. एका वेळी तीन ते चार मिनिटांहून मोठा तुकडा घेऊ नये. पहिल्यांदा आवाज बंद ठेवून दाखवावा आणि फक्त काय दिसले ते लिहायला सांगावे, दुसऱ्यांदा आवाजासह दाखवावा. संगीतामुळे आणि निवेदनामुळे आपले मत कसे बदलले, हे मुले स्वतः सांगतात. इंग्रजी निवेदनाचे मराठी भाषांतर मोबाइलवरील आपोआप येणाऱ्या ओळींवर सोपवू नये, त्यात अर्थाचा अनर्थ होतो. तुकड्याचे सार आपणच अर्ध्या पानात लिहून काढावे. भारनियमनाचे वेळापत्रक पाहून तासिका ठरवावी आणि जो माहितीपट रीतसर मोफत उतरवून घेता येतो तो पेनड्राइव्हवर आधीच ठेवावा, कारण पावसाळ्यात आमच्याकडे ना वीज भरवशाची ना नेटवर्क.

कापूस वेचणाऱ्या बाईची साक्ष

दिवाळीच्या आसपास वर्गातील पट घटतो, कारण मुले कापूस वेचायला जातात. त्याच दिवसांत मी फॅनी लू हेमर यांची साक्ष घेतो. मिसिसिपी राज्यातील या बाई वयाच्या सहाव्या वर्षापासून कापूस वेचत होत्या, आणि पुढे अठरा वर्षे एका मळ्यावर बटईने राबत, वेचणीच्या हिशेबाची नोंद ठेवत होत्या. २२ ऑगस्ट १९६४ रोजी डेमोक्रॅटिक पक्षाच्या समितीपुढे त्यांनी दिलेल्या साक्षीचे ध्वनिमुद्रण आणि लिखित रूप दोन्ही उपलब्ध आहेत. आधी फक्त आवाज ऐकवावा. शब्द कळले नाहीत तरी चालेल, आवाजातील धार कळते. मग भाषांतर वाचावे.

साक्षीची सुरुवात अशी, की ३१ ऑगस्ट १९६२ रोजी त्यांच्यासह अठरा जण सव्वीस मैल प्रवास करून मतदार नोंदणीसाठी इंडियानोला येथील न्यायालयात गेले. परतताना पोलिसांनी बस अडवली आणि बसचा रंग चुकीचा आहे म्हणून चालकावर गुन्हा लावला. घरी पोहोचल्यावर मळ्याच्या मालकाने सांगितले, की अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. एवढ्या भागावर नववीसाठी थांबावे. साक्षीच्या उत्तरार्धात तुरुंगातील मारहाणीचे वर्णन आहे, ते मोठ्या मुलांसाठी ठेवावे. साक्ष चालू असतानाच अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी घाईने पत्रकारांपुढे येऊन कॅमेरे आपल्याकडे वळवले, तरी संध्याकाळच्या बातम्यांत ती देशभर दाखवली गेली. चित्रफितीत काय राहते आणि काय राहू नये म्हणून कोण धडपडते, हे सांगणारा याहून बोलका प्रसंग नाही.

नोंदणीसाठी मिसिसिपी राज्याच्या घटनेतील एखादे कलम उतरवून त्याचा अर्थ लिहावा लागे, आणि तो बरोबर आहे की नाही हे एकटा गोरा अधिकारी ठरवी. याचा अनुभव वर्गात देता येतो. एखादे अवघड कायदेशीर मराठी कलम फळ्यावर लिहावे, दहा मिनिटे द्यावीत आणि सर्वांना नापास करावे, कारण विचारले तरी सांगू नये. सगळे एकाच बाजूला असल्याने यात कोणाचा अपमान होत नाही. वर्ग 'गोरे' आणि 'काळे' असा विभागून नाट्य करण्याची सूचना काही ठिकाणी वाचायला मिळते, ती कृपा करून मानू नये. ज्या गावात वेगळा पाणवठा आणि वेगळी पंगत आजोबांच्या आठवणीत आहे, तिथे चौदा वर्षांच्या मुलाला पुन्हा वेगळे उभे करणे हे शिक्षण नव्हे.

त्यानंतर एक तुलना मुलांसमोर ठेवावी. आपल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ मध्ये, अक्षरओळख नसलेल्या पणजीलाही मताचा अधिकार होता. हेमर यांना तो १९६२ मध्येही नाकारला गेला. अमेरिकेच्या घटनेत वंशावरून मताधिकार नाकारू नये अशी दुरुस्ती १८७० पासून होती. अधिकार कागदावर असणे आणि हाती येणे यांतील हे पूर्ण ब्याण्णव वर्षांचे अंतर मुलांनी स्वतः मोजावे. हे अंतर १९६५ च्या मताधिकार कायद्याने बऱ्याच अंशी मिटवले.

शब्द आणि दृश्ये यांबाबत थोडेसे. जुन्या कागदांतील 'निग्रो' हा शब्द भाषांतरात तसाच ठेवावा आणि आज तो का वापरत नाहीत ते सांगावे. आपल्या वर्गात रंगावरून एखाद्याला हाक मारण्याची सवय असते, तिच्याविषयी पहिल्याच दिवशी बोलून घ्यावे. एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या, गोऱ्यांनी १९५५ मध्ये केलेल्या हत्येनंतरचे छायाचित्र फार प्रसिद्ध आहे. मी ते शाळेत दाखवत नाही. त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवण्याचा निर्णय का घेतला, एवढे सांगणे पुरेसे असते.

नागपूरचा धागा

आपल्या भागाचा संबंध शेवटी आणावा. आधी आणला तर सरांना काय ऐकायचे आहे ते मुले ओळखतात आणि कागद बाजूला राहतो. जेम्स लॉसन हे मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे तरुण अमेरिकी १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. माँटगोमेरीच्या बहिष्काराची बातमी त्यांनी 'नागपूर टाइम्स'मध्ये वाचली. परत गेल्यावर १९५७ मध्ये त्यांची किंग यांच्याशी भेट झाली, आणि पुढे नॅशव्हिल शहरात त्यांनी विद्यार्थ्यांना अहिंसक प्रतिकाराचे प्रशिक्षण दिले. १९६८ मध्ये मेम्फिसच्या सफाई कामगारांच्या संपासाठी किंग यांना बोलावणारेही तेच. हे ऐकताना मुले नकाशावर नागपूर शोधू लागतात.

फळ्यावर एक लांब रेघ ओढून वर माँटगोमेरी आणि खाली नागपूर लिहावे. ५ डिसेंबर १९५५ ला बहिष्कार सुरू होतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा होते, तेव्हा माँटगोमेरीतील माणसे अजून चालतच आहेत. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण, आणि त्याच महिन्यात तिकडे बसचा भेदभाव संपतो. या दोन घटनांनी एकमेकींना घडवले असे म्हणू नये, तसा दावा रेघ करीत नाही. खरा संबंध दाखवणारे कागद वेगळे आहेत. जोतीराव फुले यांनी १८७३ मधील 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना उद्देशून लिहिली, ती मराठीतच आहे, भाषांतराची गरज नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे द्यावयाच्या कृष्णवर्णीयांच्या निवेदनाची प्रत मागितली. ते पत्र आणि ३१ जुलै १९४६ चे उत्तर मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संग्रहात पाहता येते.

आता वहीत दोन रकाने करावेत, साम्य आणि फरक, आणि प्रत्येक नोंदीसमोर कोणत्या कागदातील कोणती ओळ हे लिहिण्याची सक्ती करावी. अलाबामात बसमधील भेद कायद्यात लिहिलेला होता, म्हणून तो न्यायालयात पाडता आला. आपल्याकडे १९५० पासून अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, तरी ती व्यवहारात उरली. हा फरक मुलांच्या रकान्यात येईपर्यंत घाई करू नये.

परीक्षेसाठी 'टिपा लिहा' हा प्रश्न टाळावा. वर्गात न दाखवलेला कागद द्यावा. पार्क्स यांच्या अटकेचा पोलीस अहवाल त्यासाठी उत्तम आहे, कारण त्यात पोलिसाची बाजू आहे. त्यावर तेच चार प्रश्न विचारावेत. शेवटच्या आठवड्यात मुलांनी गावातील ऐंशी ओलांडलेल्या एखाद्या आजींची किंवा आजोबांची, १९५६ साली नागपूरला गेल्याची किंवा आयुष्यातील पहिल्या मतदानाची आठवण मोबाइलवर नोंदवावी. आधी त्यांची परवानगी घ्यावी. कागदावर तारीख, गाव, विचारणाऱ्याचे नाव आणि आठवणीत जे जुळत नाही तेही लिहावे. ही पाने शाळेच्या कपाटात माँटगोमेरीच्या पत्रकाशेजारी ठेवावीत, आणि पुढच्या जूनमध्ये नव्या नववीला पहिला कागद म्हणून त्यांतलेच एक पान वाचायला द्यावे.